शेवटची ओळ कोणती?

राधानगरी तालुक्यातल्या आमच्या गावात बायकांची एक दूध संस्था आहे आणि माझी आत्या तिची सचिव. रोज दोन वेळा संकलन, दर दहा दिवसांनी बिल. एक ते दहा, अकरा ते वीस आणि एकवीस ते महिनाअखेर. पहिल्या दोन बिलांत वीस-वीस संकलनं ठरलेली. तिसरं बिल मात्र महिन्यागणिक बदलतं. तीसचा महिना असला तर वीस, एकतीसचा असला तर बावीस, फेब्रुवारीत सोळा आणि लीप वर्षी अठरा.

प्रत्येक बिलाची एक शीट असते. पहिल्या रकान्यात तारीख आणि वेळ, दुसऱ्यात संस्थेत मोजलेली सरासरी फॅट, तिसऱ्यात, हे दूध ज्याला जातं त्या दूध संघाने मोजलेली फॅट. त्यापुढे लिटर आणि हिशेब. पहिल्या तीन रकान्यांवरून चार्ट निघतो. निळी रेघ आपली, लाल रेघ संघाची. संस्था सभासदांना पैसे देते ते आपल्या फॅटवर आणि संघ संस्थेला देतो ते त्याच्या फॅटवर. त्यामुळे लाल रेघ निळीच्या जितकी खाली, तितकं संस्थेच्या पदरचं जातं. म्हणून तो चार्ट छापून वजनकाट्यामागच्या भिंतीवर लावतात आणि दूध घालायला आलेल्या बायका तो खरोखर वाचतात.

या मार्चच्या तिसऱ्या बिलात तो चार्ट चुकला. शीट आधीच्या बिलावरून कॉपी केलेली होती, त्यामुळे चार्टची रेंज ए१ ते सी२१, म्हणजे मथळा आणि वीस संकलनं, अशीच राहिली. ३१ तारखेची दोन संकलनं २२ आणि २३ नंबरच्या ओळींत होती. ती भरली गेली, बिलात धरली गेली, पण चार्टवर आली नाहीत. नेमकी त्याच दिवशी आपली फॅट ६.९ आणि संघाची ६.५ अशी फट पडली होती. फॅट मोजायच्या मशीनची दुरुस्ती ३० तारखेच्या रात्री झाली होती आणि तेव्हापासून ते जास्त दाखवत होतं. एप्रिलचा नवा चार्ट त्या फटीपासूनच सुरू झाला. तफावत दिसत होती, पण ती कधीपासून पडली हे कुठल्याच चार्टवर नव्हतं. ३१ तारखेचे ठिपके असते, तर बोट सरळ आदल्या रात्रीच्या दुरुस्तीकडे गेलं असतं. ते कळायला आणखी दहा दिवस आणि एका बिलाची तूट लागली.

पुढच्या रविवारी मी गावी गेले ती ही रेंज आपोआप लावणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे मॅक्रो, लिहायचं ठरवूनच. आत्या नको म्हणायचं ठरवून बसली होती.

आत्या : चूक माझी आहे. बावीस ओळी आहेत हे मला ठाऊक होतं, रेंज ओढायची राहिली. त्याला प्रोग्रॅम कशाला? पुढच्या वेळी ओढीन.

मी : विसरलीस ती एकदाच, हे मला मान्य आहे. पण कधी विसरलीस ते बघ. ३१ मार्च. बिल, वर्षाचा हिशेब, ऑडिटची कागदं, सगळं एकाच दिवशी. हाताने करायचं काम गडबडीतच राहतं, आणि तिसऱ्या बिलाला गडबड ठरलेलीच.

आत्या : ओढताना मी बघते, ते कोण करणार? चौकट खाली ओढली की शेवटची ओळ डोळ्यांखालून जाते. गेल्या पावसाळ्यात संघाच्या ६.४ चे ४.६ पडले होते. ते ओढतानाच दिसले मला. तुझं मॅक्रो बघेल का?

मी : नाही. मॅक्रोला ४.६ हासुद्धा आकडाच.

आत्या : मग?

या प्रश्नाला माझ्याकडे आजही पुरतं उत्तर नाही. आत्याने १९९८ पासून हे आलेख काढले आहेत, आधीची कैक वर्षं आलेखवहीवर पेन्सिलीने. तिथे प्रत्येक ठिपका आपल्या हाताने ठेवावा लागतो, त्यामुळे तो कुठे पडला हे आपल्याला माहीत असतं. संगणकाने ते काम हलकं केलं आणि ठिपक्यांची ओळखही थोडी पुसली. आता रेंज ओढायचं कामही काढून घेतलं तर आकड्याला हात लागण्याची शेवटची जागा जाते, अशी तिची भीती. मी ती भीती खरी मानते. मला फक्त इतकंच म्हणायचं होतं, की बघणं आणि ओढणं ही दोन कामं आहेत. एक माणसाचं आणि एक यंत्राचं.

आत्या : बरं, मॅक्रोशिवाय जमतंय की नाही ते बघ. हे मी आजच करून ठेवलंय.

तिने शीट उघडली. आकड्यांच्या शेवटी एक रिकामी ओळ पिवळ्या रंगाने भरली होती आणि चार्टची रेंज त्या पिवळ्या ओळीपर्यंत नेली होती. नवं संकलन आलं की पिवळ्या ओळीवर उजवं बटण दाबून वर एक ओळ घालायची. ओळ रेंजच्या आत घातली जाते, त्यामुळे रेंज आपोआप एक ओळ वाढते. पिवळी ओळ खाली सरकत जाते.

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. खतावणीत बेरजेच्या ओळीच्या वर जागा सोडायची सवय, त्यातून तिला सुचलं. जगभरची माणसं हीच युक्ती वापरतात आणि ती चालते, एक्सेलमध्ये आणि कॅल्कमध्येही.

मी : आत्या, हे उत्तम आहे. तू एकटी भरणार असशील तर मी आत्ता लॅपटॉप बंद करते.

आत्या : एकटी कशी? संध्याकाळचं टेस्टर पोरगी भरते.

मी : ती वर ओळ घालेल की पिवळीच्या खाली लिहील?

आत्या थांबली. खाली लिहिलं की ते रेंजच्या बाहेर. पहिली ओळ अगदी वर, मथळ्याला चिकटून घालायची म्हटलं तरी घोळ होऊ शकतो. आणि फेब्रुवारीची सोळा ओळींची शीट कॉपी करून मार्चच्या पहिल्या बिलाची केली, ओळी घालायच्या राहिल्या, की पुन्हा चार संकलनं चार्टबाहेर. युक्ती चांगली आहे, पण ती प्रत्येक भरणाऱ्याला माहीत असावी लागते.

आत्या : मग तुमच्या ऑफिसात काय करता?

मी : तिथे एक्सेल आहे. आकडे निवडायचे, कंट्रोल-टी दाबायचं, त्यांचा टेबल होतो. टेबलवर काढलेला चार्ट टेबलबरोबर वाढतो. खाली नवी ओळ लिहिली की टेबल ती आपल्यात घेतो, चार्टही घेतो. मॅक्रोची गरजच नाही.

आत्या : मग तेच कर.

मी : तुझ्याकडे एक्सेल नाही.

आत्या : हे काय आहे मग?

आत्या सगळ्यालाच एक्सेल म्हणते. संस्थेच्या संगणकावर लिब्रेऑफिस आहे, फुकट मिळतं म्हणून घातलेलं, आणि त्यातलं कॅल्क तिच्या कामाला पुरून उरतं. पण तिच्याकडच्या आवृत्तीत चार्टच्या रेंजच्या जागी नाव दिलं तर ते चालत नाही, ठोक पत्ताच लागतो. एक्सेलमध्ये ‘जिथपर्यंत आकडे आहेत तिथपर्यंत’ असं सूत्र लिहून त्याला नाव देता येतं आणि ते नाव चार्टच्या मालिकेत घालता येतं. इथे ती वाट बंद. म्हणून मॅक्रो. मला मॅक्रोची हौस नाही. टेबलने भागत असेल तिथे मॅक्रो लिहू नये, असंच मी ऑफिसातही सांगते. आत्याला हे ऐकून थोडं बरं वाटलं असावं, कारण तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली.

मॅक्रो मोठं नव्हतंच. त्याला तीन कामं. शीटवरचा चार्ट नावाने शोधायचा, शेवटची भरलेली ओळ शोधायची आणि पहिल्या ओळीपासून तिथपर्यंतचा पत्ता चार्टच्या हातात द्यायचा. पत्ता द्यायची कॅल्कची तऱ्हा वेगळी. शीट, पहिला रकाना, पहिली ओळ, शेवटचा रकाना, शेवटची ओळ असे पाच आकडे, आणि सगळे शून्यापासून मोजलेले. शीटवर जी २३ नंबरची ओळ दिसते ती मॅक्रोच्या लेखी बावीस. सी रकाना म्हणजे दोन. हे मी आत्याला दाखवलं, कारण पुढे कधी मॅक्रो एक ओळ कमी-जास्त धरू लागलं तर दुखणं बहुधा इथेच असतं.

पहिला प्रयोग आम्ही चालू बिलावर केला. बटण दाबलं. दोन्ही रेघा डाव्या बाजूला आक्रसून बसल्या आणि उजवा अर्धा चार्ट कोरा.

आत्या : हे बघ. याच्यापेक्षा माझा हात बरा.

मी : तू दहा दिवसांच्या तारखा आधीच भरून ठेवतेस का?

आत्या : पहिल्या दिवशीच ओढून ठेवते. रोज कोण लिहीत बसणार?

मी मॅक्रोला तारखेच्या रकान्यात शेवट शोधायला सांगितलं होतं. तिथे शेवट पहिल्या दिवशीच ठरलेला. मग मी संघाच्या फॅटचा रकाना धरला, कारण तो सगळ्यात शेवटी भरतो.

आत्या : म्हणजे आज सकाळची माझी फॅट आज दिसणार नाही?

मी : संघाची स्लिप आली की दिसेल.

आत्या : स्लिप दुसऱ्या दिवशी येते. बायका आज विचारतात. माझा ठिपका आज पाहिजे.

मी : मग तुझ्या फॅटचा रकाना धरू?

आत्या : तोही कधी राहतो. लाइट गेली, मशीन बंद, की दूध तसंच गाडीत चढतं आणि संघाचाच आकडा येतो. मग ती ओळ सोडणार का?

हा सगळा रविवार मला आठवतो तो या प्रश्नासाठी. मी पुण्याहून निघताना ‘शेवटची ओळ’ हा संगणकाचा प्रश्न समजून निघाले होते. शेवटची भरलेली ओळ शोधायची युक्ती माहीत असली की झालं. पण ‘भरलेली’ म्हणजे काय, हे संगणक सांगू शकत नव्हता आणि मीही नाही. ते सांगू शकत होती फक्त ती बाई, जी सकाळी साडेसहाला काट्यासमोर बसते. शेवटी ठरलं ते असं. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यांत वेगवेगळा शेवट शोधायचा आणि जो जास्त खाली असेल तो धरायचा. तारखेला विचारायचंच नाही. इतकी वर्षं हा नियम आत्याच्या हातात होता, तिला तो कधी शब्दांत मांडावा लागला नव्हता. टेस्टर मुलीला तो माहीत असणं शक्यच नव्हतं.

आत्या : आता याला २०१९ चं ऑगस्ट दाखव.

ती शीट तिने का काढायला लावली हे कोल्हापूरच्या वाचकाला सांगायला नको. त्या ऑगस्टमध्ये महापुराने रस्ते बंद पडले आणि आमच्या गावी दूध न्यायला गाडीच आली नाही. शीटमध्ये मधल्या काही ओळी रिकाम्या होत्या. माझं मॅक्रो वरून खाली मोजत होतं आणि पहिली रिकामी जागा दिसली की थांबत होतं. त्याने महापूर लागला तिथेच बिल संपवलं.

आत्या : बघ, पाणी ओसरल्यावर आम्ही परत संकलन सुरू केलं होतं. ते कुठे आहे?

मी उलटं केलं. चाळिसाव्या ओळीपासून वर यायचं आणि पहिला आकडा भेटला की थांबायचं. बिलात बावीसच्या वर ओळी कधीच जात नाहीत, तेव्हा चाळीस पुरे. एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिणारे तर शीटच्या तळापासून, १०,४८,५७६ व्या ओळीपासून वर येतात, कारण तेच. मध्ये कितीही खड्डे असोत, खालून येणाऱ्याला खरा शेवट सापडतो. आता ते पूर्ण बिल चार्टवर आलं. मधल्या जागेचं काय करायचं याचे कॅल्कमध्ये तीन पर्याय असतात. तिथे शून्य धरायचं, अलीकडच्या-पलीकडच्या ठिपक्यांना रेघेने जोडायचं किंवा फट ठेवायची.

मी : जोडू का? दिसायला बरं दिसेल.

आत्या : नको. रेघ तुटलेलीच राहू दे. त्या दिवसांत दूध लोकांनी ओतून दिलंय.

चहा झाला. मग वाद बटणावर आला. शीटमध्ये आकडा बदलला की मॅक्रो आपोआप चालावं अशी सोय कॅल्कमध्ये आहे, शीटच्या घटनेला मॅक्रो जोडून. माझा कल तिकडे होता. विसरायला जागा नको म्हणूनच तर हे सगळं.

आत्या : नाही. मी दाबल्यावरच हलू दे. मी आकडे भरत असताना समोरचा चार्ट उड्या मारणार असेल तर मला चालायचं नाही. आणि दाबायच्या आधी मी वरून खाली एकदा बघेन. आधी ओढताना बघायचे ना, तसं.

मी : आणि दाबायचंच राहिलं तर?

आत्या : छापायच्या बटणाच्या शेजारी ठेव. छापल्याशिवाय चार्ट भिंतीवर जात नाही.

बटण ठेवलं. हे मला तेव्हा पूर्ण पटलं नव्हतं आणि आजही माझं मत आपोआपच्याच बाजूचं आहे. पण शीट तिची.

आत्या : आता मला खरी भीती सांगू? बँकेतला पोरगा सांगत होता, मॅक्रो असलेली फाइल उघडू नका म्हणून.

मी : बरोबर सांगतो तो. १९९९ मध्ये मेलिसा नावाचा विषाणू मेलवरून पसरला, तो वर्डमधल्या मॅक्रोचाच होता. उघडणाऱ्याच्या पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या पन्नास जणांना स्वतःला पाठवायचा. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. आणि कॅल्क स्वतःहून अनोळखी फाइलमधलं मॅक्रो चालवत नाही. मी फक्त तुझ्या या एका फोल्डरला विश्वासाची जागा म्हणून नोंदवते. सुरक्षेची पातळी खाली आणत नाही. कोणी फोनवर ‘खाली आणा’ म्हटलं तरी आणू नकोस.

आत्या : म्हणजे ही फाइल पेनड्राइव्हवर घेऊन ऑडिटरकडे गेले तर बटण चालणार नाही.

मी : बटण नाही चालणार. चार्ट जसा होता तसा दिसेल. आणि ऑडिटरने एक्सेलची एक्सएलएसएक्स फाइल मागितली तर त्याला वेगळी प्रत कर, आपली कॅल्कची ओडीएस तशीच ठेव. एक्सएलएसएक्समध्ये साठवलं की आपलं मॅक्रो त्यात राहत नाही.

आत्या : आणि तू परदेशी गेलीस, मी घरी बसले, तर हे कोण दुरुस्त करणार? पिवळी ओळ कोणालाही कळते.

यावर मी पटकन काही बोलले नाही. हा आक्षेप तांत्रिक नव्हता. गावोगावच्या कार्यालयांत अशा फायली आहेत, ज्यांचं बटण चालतं पण कसं ते कोणालाच ठाऊक नाही, आणि ज्या दिवशी ते बंद पडतं त्या दिवशी सगळं ठप्प. तसं आत्याच्या संस्थेचं व्हायला नको होतं. म्हणून आम्ही फाइलमध्ये पहिलीच एक शीट ‘नियम’ नावाची केली. मी टाइप केलं, मजकूर तिने सांगितला. शेवट तारखेवरून धरायचा नाही. आपली फॅट आणि संघाची फॅट यांत ज्याचा शेवट खाली तो खरा. मधली रिकामी जागा जोडायची नाही. बटण चालेना तर चार्टवर आधी दोनदा क्लिक, मग उजवं बटण, डेटा रेंज, आणि वरच्या नियमाने पत्ता हाताने लिहावा. मॅक्रोच्या आतही प्रत्येक टप्प्यावर मी मराठीत हेच शेरे लिहिले. टेस्टर मुलीला बोलावून आत्याने ते तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि तिला एकदा मॅक्रोशिवाय, हाताने रेंज बदलायला लावली. पिवळी ओळ मात्र आत्याने काढू दिली नाही. ती आजही तिथे आहे. मॅक्रोला तिचा उपयोग नाही.

मे महिना एकतीसचा. ३१ तारखेला रात्री आठला आत्याचा फोन आला.

आत्या : दाबलं बटण. निळे बावीस आलेत, मोजले मी. लाल वीसच आहेत.

मी : आजच्या स्लिपा आल्या का?

आत्या : उद्या येतील दोन्ही.

मी : मग बरोबर आहे. आणि उद्या परत दाबायची गरज नाही. त्या ओळी आता रेंजमध्ये आहेत, आकडे भरलेस की लाल ठिपके आपोआप येतील.

आत्या : तरी दाबेन. आणि परत मोजेन.